पिशवीवर माझंच नाव

तान्ह्या बाळासाठी वस्तू घ्यायला आलेला माणूस मला लांबूनच ओळखू येतो. दुकानाच्या पायरीवर तो आधी हात पुसतो. पँटला पुसेल, रुमालाला पुसेल, बाई असली तर पदराला पुसेल, पण पुसेल. बाळ तिकडे समोरच्या प्रसूतिगृहात दुसऱ्या मजल्यावर झोपलेलं असतं, माझ्याकडे नुसत्या बाटल्या नि डब्या, तरी पुसतो. मोठमोठे साहेब पाहिले, ट्रकवाले पाहिले, सगळे सारखे. सव्वीस वर्षं माझ्या दारात माणसं आली ती बहुतेक चांगल्या मनानंच आली. किती दुकानदारांना असं म्हणता येईल? मला येतं, म्हणून मी या धंद्याला रोज सकाळी कुलूप काढताना हात जोडते.

दुकान रायपुरात समता कॉलोनीत, घर चौबे कॉलोनीत. आमचे हे सरकारी नोकरीत. भंडाऱ्याहून बदली होऊन इकडे आले आणि इथलेच झाले. पोरं शाळेत जायला लागल्यावर मी ही एक खोली भाड्यानं घेतली. शिक्षण आठवी. बाळाच्या वस्तूंतलं मला कोणी काही शिकवलं नाही. समोरच्या सिस्टरांना चहा पाजून पाजून मी ते काढून घेतलं. जी सिस्टर जास्त बोलकी, तिच्या चहात आलं जास्त.

बाहेरच्याला वाटतं, यात काय मोठं? तेल, साबण, पावडर, झालं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे बाळ व्हायच्या आधी त्याची वस्तू घरात आणत नाहीत. मराठी असो, छत्तीसगढी असो, सिंधी असो, मारवाडी असो, यात सगळे एक. नऊ महिने घरात बाळाचा एक धागा नसतो. आणि मग एका सकाळी बाळ होतं, सिस्टर हातात चिठ्ठी देते आणि बाप रस्ता ओलांडून माझ्याकडे येतो. त्या वेळी त्याला त्याचं नाव विचारलं तर तो बायकोचं सांगेल. समोर अकरा तऱ्हेची तेलं मांडलेली. तो म्हणतो, "आंटी, सबसे अच्छा वाला दे दो." सबसे अच्छा म्हणजे त्याच्या हिशेबानं सबसे महंगा.

मी त्याला आधी स्टुलावर बसवते. पाणी देते. मग विचारते, बाळ किती किलोचं? दिवस भरले होते का? घरी पाणी बोअरचं की नळाचं? बाळाला कोण आंघोळ घालणार, आई, आजी की बाई लावली? यानंतर मी सामान काढते. वासाचं काही देत नाही. वास मोठ्यांच्या हौसेसाठी असतो, बाळाला आपल्या आईचा वास पुरतो. कापड बोटानं चाचपू नये, वरच्या ओठावर फिरवून बघावं. तिथली कातडी खोटं बोलत नाही. शिवण उलटीकडे टोचत असेल तर ते झबलं कितीही देखणं असो, परत ठेवायचं. कान साफ करायच्या काड्या मी ठेवतच नाही. पावडर मागच्या फळीवर ठेवते, कारण ती उडते आणि नाकात जाते. कपाळाला हात लावून ताप सांगणाऱ्या आज्यांना मी मान देते, आणि मानासोबत थर्मामीटरही देते.

दहा वस्तू मागायला आलेल्याला चार देऊन पाठवते म्हणून आमचे हे म्हणायचे, "तू दुकान चालवून राहिली का बंद पाडून राहिली?" मी म्हणायची, "दुसऱ्या बाळाच्या वेळी येतील ना तेच लोक." आणि येत. बहिणींना घेऊन येत.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एक निवृत्त हेडमास्तर आजोबा आले होते, डोकं तुळतुळीत. म्हणाले, "मैडम, परीक्षा के बिना पास नहीं करूँगा." आणि पाच तेलांचे पाच थेंब स्वतःच्या टकलावर पाच ठिकाणी लावून पाऊण तास स्टुलावर बसले. आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांच्या डोक्याकडे बघे. शेवटी उठले, साधं खोबरेल घेतलं आणि म्हणाले, "चमड़ी वही है, बस उमर का फरक है." मी हसले, पण विचार केला तर त्यांची पद्धत काही चुकीची नव्हती. आधी स्वतःवर घ्यावं, मग बाळावर.

ही अक्कल मला मात्र उशिरा आली. ती कशी आली, ते सांगायला लाज वाटते, पण सांगते.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्या दुकानाचं नाव झालं ते तेलसाबणानं झालं नाही, माझ्या काजळानं झालं. एरंडेलाचा दिवा, वर तांब्याची वाटी, रात्रभराची काजळी आणि घरचं तूप. आई करायची तसं मी करायची. लोक पार लांबच्या शंकर नगरहून यायचे. मला भारी गर्व. एक दिवस जवळच्याच पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, एक छत्तीसगढी बाई चार महिन्यांचं बाळ घेऊन आली. बाळाचे दोन्ही डोळे चिकटलेले, पू आलेला. तिनं माझी डबी गल्ल्यावर ठेवली आणि हळूच म्हणाली, "दीदी, एला देख. तोरे हाथ के आय." हे बघ, तुझ्याच हातचं आहे. एवढंच बोलली. ओरडली नाही की शिवी दिली नाही.

मी शटर ओढलं, तिला रिक्षात घातलं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. थेंब घालायला सांगितले. आठ दिवस मी रोज संध्याकाळी त्या पाऱ्यात जायची. नवव्या दिवशी त्या लेकरानं माझ्याकडे टकमक पाहिलं, आणि मी तिथेच ओसरीवर बसून रडले. त्या दिवसापासून दुकानात काजळ नाही. त्या बाईनं ठरवलं असतं तर दहा घरी सांगून माझं दुकान बसवलं असतं. ती माझ्याकडे आली. तिचे उपकार मी कुठे फेडू?

आता पिशवीचं सांगते. माझ्या दुकानाची खरी ओळख ती.

झालं असं, की आठव्यानवव्या महिन्यातल्या पोरी तपासणीला यायच्या आणि जाताना माझ्या दुकानासमोर फुटपाथवर थबकायच्या. आत यायच्या नाहीत. घेणं म्हणजे अपशकून. पण बघावंसं तर वाटतं ना! नऊ महिने जीव वाढवायचा आणि त्याच्यासाठी एक मोजा हातात घ्यायचा नाही, हे काय कमी कठीण आहे? एकीला मी हाक मारली. म्हटलं, "घेऊ नको बाई. नुसतं निवड. मी ठेवते." मांजरपाटाची एक पिशवी शिवलेली होती, तिच्यात तिनं निवडलेलं घातलं. पैसे घ्यायचे नाहीत, घरी न्यायचं नाही, म्हणजे घेतलं असं होत नाही. आणि पिशवीवर तिचं नाव लिहायच्या ऐवजी मी माझं लिहिलं, लता. म्हटलं, नजर लागायचीच असेल तर माझ्या नावाला लागू दे. माझी पोरं मोठी झाली, मला काय होतंय?

पोरगी अशी हसली की काय सांगू. तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. एक फळी नुसती माझ्या नावाच्या पिशव्यांनी भरली. कोणाची कोणती ते कळावं म्हणून तोंडाला रंगीत दोरा बांधायची. आमचे हे फळीकडे बघून म्हणाले, "साऱ्या रायपूरच्या इडापिडा स्वतःच्या नावावर करून राहिली काय तू?" बाळ झालं की घरचं माणूस यायचं, दोऱ्याचा रंग सांगायचं, पैसे द्यायचं, पिशवी न्यायचं. ती धांदल, तो घाम, सगळं वाचलं.

चार वर्षांपूर्वी त्या फळीवर एक हिरव्या दोऱ्याची पिशवी होती. प्रणिताची.

प्रणिता शंकर नगरात एका ऑफिसात कामाला. नवरा रेल्वेत, त्याची ड्युटी गाडीसोबत, आज इथे उद्या तिथे. घरी ती आणि सासू. सासू सुलोचनाबाई गोंदियाकडच्या, सारा जन्म रेल्वेच्या क्वार्टरांत गेलेला. त्याच्या दोन वर्षांआधी प्रणिताला पहिलं बाळ झालं होतं. त्या वेळी सासूनं हौसेनं सगळं आधीच आणून ठेवलेलं, पाळण्यापर्यंत. बाळ घरी आलंच नाही. सासूनं एकेक वस्तू वाटून टाकली आणि या खेपेला सांगून ठेवलं, काही आणायचं नाही. नखाएवढंही नाही.

प्रणिता दर मंगळवारी तपासणीहून यायची. या नव्या पोरींना मराठी समजतं सगळं, पण जीभ हिंदीत वळते. "काकू, घरी नका सांगू हं. आई को पता चला तो डर जाएँगी." एका खेपेला एक वस्तू निवडायची, पुढच्या खेपेला ती बदलायची. थर्मामीटर घेतला तो आधी स्वतःच्या काखेत तीनदा लावून वाचायला शिकली. पुढे लाल पट्टी असलेल्या दोन इवल्या टोप्या. गोल टोकाची नखं कापायची कात्री. पुरळावरचं मलम. प्रत्येक वस्तू गालाला लावून मग पिशवीत. मला कळायचं, ती सामान निवडत नव्हती, हिंमत गोळा करत होती.

आणि एका गुरुवारी दुपारी दारात सुलोचनाबाई. एकदोनदा सुनेसोबत समोर पाहिलेल्या, लगेच ओळखलं. म्हटलं, झालं, कळलं हिला.

त्या आत आल्या, इकडेतिकडे पाहिलं, म्हणाल्या, "लताबाई, विहारातल्या बायका सांगत होत्या. तुमच्याकडे पिशवीचं करतेत म्हणे."

"हो."

"आम्ही हे मानत नाई बरं का. नजर अन् बिजर. माझे मालक असते तर हसले असते मले." मग पदराखालून एक गाठोडं काढलं. "पण मागच्या टायमाले मी सारं आणून ठेवलं होतं."

गाठोड्यात आठ लंगोट होते. मालकांच्या जुन्या धोतराचे, हातानं शिवलेले. धुऊन धुऊन सायीसारखे झालेले. सोबत एक काजळाची डबी, घुटीची मुळं आणि कोंडागावकडच्या जंगली मधाची बाटली.

"सुनेले सांगू नका," त्या म्हणाल्या. "पोरीले आस लागते."

मी निळा दोरा काढला. मध पाहिला होता मी. काजळही पाहिलं होतं. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, की बाई, हे दोन्ही तान्ह्याला चालत नाही. पण त्यांचा तो चेहरा, ते लंगोट… मी गप्प राहिले. म्हटलं, वेळ आली की हळूच काढून घेऊ. ही माझी चूक. दुकानदाराला गोड राहायची सवय लागते ना, ती सवय.

तर अशा दोघींच्या दोन पिशव्या एकाच फळीवर, शेजारीशेजारी, दोन्हींवर नाव माझं. पोट दाबून हसावं की रडावं, कळेना. सुलोचनाबाई एकदा लंगोट मोजायला आल्या तेव्हा हिरव्या पिशवीत डोकावल्या. "हे कोणाचं?"

"आहे एक पोरगी."

"एवढुशी कात्री कायले? आजी नाई काय हिच्या घरी? नखं तर दातानं कुरतडते आजी." आणि वरून, "हौशी हाय पण. सासूनं डोक्यावर चढवून ठेवली असंन."

मी आपली पावडरच्या डब्यांवरची धूळ झटकत होते.

पुढच्या मंगळवारी प्रणितानं निळ्या पिशवीतला लंगोट काढला. "ये किसका है काकू? कितना पुराना कपड़ा है!" गालाला लावला आणि तशीच उभी राहिली. "कितना नरम… ऐसा मिलता कहाँ है?"

"विकत नाही मिळत, बेटा."

"जिसका बच्चा है, लकी है," म्हणाली, आणि घडी घालून परत ठेवला.

बाळ सहा आठवडे आधी आलं. सकाळी दहाची वेळ, नवरा गाडीवर, दूर. सिस्टर स्वतः रस्ता ओलांडून आली. "दीदी, प्रणिता को लड़की हुई है. पौने दो किलो. टोपी दो, थर्मामीटर दो, और धुला हुआ पुराना सूती कपड़ा चाहिए, नया बिल्कुल नहीं. डॉक्टर बोले, गरम रखना है, वही दवाई है."

दुकानात धुतलेलं जुनं कापड कुठून असणार? दुकानात सगळं नवं. मी फळीकडे पाहिलं. दोघींना वचन दिलेलं. पण पावणेदोन किलोच्या लेकरापुढे माझ्या वचनाचं काय वजन? मी दोन्ही पिशव्या खाली काढल्या, दोन्ही दोरे सोडले. निळीतले लंगोट, हिरवीतली टोपी आणि थर्मामीटर, सगळं एका पिशवीत घातलं. मध, काजळ, घुटी खणात टाकून किल्ली कमरेला लावली आणि निघाले.

वर बाकावर सुलोचनाबाई बसलेल्या. दोन्ही हात मांडीवर पालथे, जसे कोणी तिथे ठेवून विसरून गेलं असावं. मी सिस्टरच्या हाती एकेक वस्तू देत होते, त्या बघत होत्या.

"हे तर माझे लंगोट."

"हो."

"अन् हे टोपीबिपी?"

"तुमच्या सुनेचं. दर मंगळवारी येऊन निवडायची."

सिस्टरच्या हातातली टोपी त्यांनी बोटानं चाचपली. मग डोळ्यांतून पाणी आणि ओठावर हसू एकदमच आलं. "कात्रीवाली हेच काय?"

"हव," मी म्हटलं. "सासूनं डोक्यावर चढवलेली."

हसणं फार टिकलं नाही. त्यांनी पिशवीत हात घातला, चाचपलं. "मध कुठाय?"

"दुकानात आहे."

"आण. पोट्टी दूध ओढून नाई राहिली म्हणते सिस्टर. मध चाटवला की ताकद येईन."

"मध नाही द्यायचा, सुलोचनाबाई. वर्षभर नाही. एवढ्याशा बाळाच्या जिवावर बेतू शकतं."

"तू कोण, डॉक्टरीण?" तुम्हीचं तू झालं. "मागच्याले मले चाटवायलाही नाई भेटला! हात नाई लावू दिला कोणी! काहून गेलं ते लेकरू, सांग बरं! या खेपेले मी बसून नाई पाहणार. माझी वस्तू हाय, आण!"

आवाजानं दोन खोल्यांतले लोक बाहेर आले. आयुष्यात मी गिऱ्हाइकाला असं सगळ्यांसमोर 'नाही' म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "पिशवीवर नाव कोणाचं आहे?"

त्यांची नजर पिशवीवर गेली.

"माझं आहे. पिशवी माझ्या नावाची, त्यातलं काय द्यायचं नि काय ठेवायचं ते मी ठरवीन. डॉक्टरीण नाही मी. आठवी शिकलेली बाई आहे. पण माझ्या हातच्या काजळानं एका लेकराचे डोळे जाता जाता वाचले. माझ्या हातच्या! गर्वानं विकत होती मी ते. आता पुन्हा नाही."

आणि तिथेच, त्या लोकांसमोर, सगळं सांगितलं. पाऱ्यातली बाई, डबी, पू, आठ दिवस. सिस्टरनंही मधाचं तेच सांगितलं. सुलोचनाबाई उठल्या आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी दुकानात परत आले, पण मन तिकडेच. खणातली बाटली मी कुलपात ठेवली, पण मध काय एकाच बाटलीत असतो? बाजारात कुठेही मिळतो. आणि त्या बाईच्या काळजात दोन वर्षांचं शल्य. एका बोटाचं काम होतं.

म्हणून मी रोज दुपारी वर जायला लागले. निमित्त लंगोटांचं. मळलेले घेऊन जायची, उकळून, उन्हात वाळवून आणायची. सुलोचनाबाई बाकावर असायच्या, मी दिसले की मान फिरवायच्या. प्रणिता आत बाळाला छातीशी धरून, अंगाला अंग लावून बसलेली. वजन आधी उतरलं. पावणेदोनच्याही खाली. चौथ्या दिवशी प्रणितानं मला विचारलं, "काकू, मैंने चीज़ें पहले चुन लीं, इसलिए तो नहीं…?" मी म्हटलं, "तू कुठे निवडलीस? नाव तर माझं आहे." त्यावर ती थोडी हसली. पण रात्री घरी मलाच झोप नाही. उगाच पोरींना हे पिशवीचं वेड लावलं की काय, असंही वाटून गेलं.

सहाव्या दिवशी वजन जिथल्या तिथे थांबलं. सातव्या दिवशी वीस ग्रॅम वाढलं. वीस ग्रॅम म्हणजे काय, तर चार चमचे साखर. त्या दिवशी ते मला डोंगराएवढं वाटलं.

आठव्या दिवशी मी गेले तेव्हा प्रणिता थकून ग्लानीत होती. सिस्टर म्हणाली, "दादी, आप लगाइए छाती से. मम्मी को दो घंटे सोने दीजिए." सुलोचनाबाई संकोचल्या. खुर्चीवर बसून ब्लाउजचे हूक काढायचे म्हणजे! मी चादर धरून आडोसा केला. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, बसल्या, आणि सिस्टरनं ती इवलीशी पोर त्यांच्या उघड्या छातीवर पालथी ठेवली. वरून धोतराचं कापड. पोरीनं एक उसासा टाकला आणि झोपली.

मी चादर धरून पाठमोरी उभी. मागून आवाज आला, "लताबाई."

"हं."

"मध मी दुसऱ्याच दिवशी आणला होता. कमरेले खोसून."

माझ्या हातातली चादर घसरता घसरता राहिली. "मग?"

"बोट लावलंही होतं बाटलीत. सिस्टर तिकडं गेली होती. मग तुमचं आठवलं. तुम्ही त्या दिवशी चारचौघांत स्वतःची चूक सांगितली. आपली चूक कोण सांगते, बाई? लोक दुसऱ्याची सांगतेत. म्हटलं, हे बाई खोटं नसंन बोलत. अन् पुसलं बोट."

आठवी शिकलेल्या माझ्यासारखीला कोणी आजवर इतकं मोठं काही दिलं नव्हतं. माझ्या धंद्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट त्या एका बोटाच्या आड आली होती. पाऱ्यातल्या त्या बाईला मी मनातल्या मनात किती वेळा नमस्कार घातला, मोजलं नाही.

बाविसाव्या दिवशी त्यांना सुट्टी झाली. वजन दोन किलोच्या थोडं वर. नवरा रजा काढून आला होता, ऑटो दारात उभी केलेली. प्रणिता मागे बसली, कुशीत लाल पट्टीची टोपी तेवढी दिसत होती. लांबूनच तिनं मला हात केला. मला वाटलं, निघतील आता.

पण सुलोचनाबाई ऑटोतून खाली उतरल्या आणि रस्ता ओलांडून दुकानात आल्या. फळ्यांवरून नजर फिरवत फिरवत एका कोपऱ्यात थांबल्या. बोटात घालायचा एक मऊ रबराचा ब्रश तिथे टांगलेला असतो.

"हे काय होय?"

"दात आल्यावर घासायचा ब्रश."

"दे एक."

मला हसू आलं. "अहो, तिला दात यायला सहा-सात महिने आहेत अजून. तेव्हा या, तेव्हा देते."

"तेव्हा कायले? येतीनच ना दात. आत्ता दे. घरी नेऊन ठेवते."

मी ब्रश काढला आणि सवयीनं खालच्या पिशवीला हात घातला.

"पिशवी नको," त्या म्हणाल्या.

पैसे ठेवले, ब्रश घेतला आणि तसाच उघड्या हातात वर धरून, येणाऱ्याजाणाऱ्या साऱ्या समता कॉलोनीला दिसेल असा, त्या ऑटोकडे चालत गेल्या.